दुसऱ्यांदा ऐकून घेण्याचा हक्क कोणाला?

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई आणि दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. सिडकोने घेतलेल्या जमिनींना रास्त भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला तो लढा होता. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्याच लढ्याचे फळ. पुढे त्याच भागात २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले. जमिनीच्या भरपाईसाठी कसे लढायचे, हे उरण-पनवेलच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण कामावर हात गेला, पाय गेला किंवा घरातला कमावता माणूसच गेला, तर त्या भरपाईचे भांडण त्या घराला एकट्यानेच लढावे लागते. तिथे मोर्चा निघत नाही. आणि कामगार भरपाई आयुक्तांसमोर निकाल बाजूने लागला, तरी भांडण मिटत नाही, कारण पुढे उच्च न्यायालयात अपील असते.

या अपिलाबद्दल दोन टोकांची मते वारंवार ऐकू येतात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिले मत मालकांचे, ठेकेदारांचे आणि त्यांच्या विमा कंपन्यांचे. त्यांचे म्हणणे असे: आयुक्त जखमी माणसाकडे पाहून सहानुभूतीने निकाल देतात, वैद्यकीय दाखल्यांची नीट छाननी होत नाही, म्हणून उच्च न्यायालयाने सगळा पुरावा नव्याने तपासावा आणि तोवर रक्कम कोणाच्या हाती देऊ नये. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. फुगवलेले दाखले असतात. बंदरात तर मालक कोण, हाच प्रश्न कधीकधी खरोखर अवघड असतो. जहाज परदेशी कंपनीचे, टर्मिनल दुसऱ्या कंपनीकडे चालवायला दिलेले, जमीन बंदर प्राधिकरणाची, आणि कंटेनर जहाजाला बांधून ठेवणारे लॅशिंग सोडवणारा पोरगा कुठल्यातरी ठेकेदाराच्या मुकादमाने त्या दिवशी बोलावलेला.

पण १९२३ चा कामगार भरपाई कायदा (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) मुळात कोणत्या देवाणघेवाणीवर उभा होता, ते हे लोक विसरतात. या कायद्यात मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर नाही. अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे झाला एवढे पुरे. त्याच्या बदल्यात कामगाराला मिळते ती कोष्टकातली ठरावीक रक्कम, आणि ती फार मोठी नसते. समजा, तीस वर्षांच्या लॅशरचा अंगठा दोन कंटेनरच्या मध्ये सापडून गेला. परिशिष्टात अंगठ्याची किंमत तीस टक्के. त्याचा पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबात महिन्याला १५,००० च्या वर धरला जात नाही. त्याच्या साठ टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणायचे आणि त्याचे तीस टक्के काढायचे. येतात ५ लाख ६१ हजार ५४६ रुपये. आयुष्यभरासाठी एवढेच. मनस्तापाचे वेगळे काही नाही, पुढच्या बढत्यांचे काही नाही. रक्कम ठरलेली आहे म्हणूनच ती लवकर मिळाली पाहिजे, असा हा सौदा आहे.

म्हणून कायद्याने अपिलाची वाट मुद्दाम अरुंद ठेवली. कलम ३० नुसार अपील साठ दिवसांत करायचे आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला अपील करायचे असेल, तर आधी आदेशातली रक्कम आयुक्तांकडे भरून तसा दाखला जोडावा लागतो. वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर आयुक्तांचा शब्द शेवटचा, हे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे तर १९७५ मध्येच चार न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. त्या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची अक्षमता शंभर टक्के धरली गेली. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि विलंबाला समर्थनीय कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड, ही तरतूदही कायद्यातच आहे. मालक कोण हा घोळसुद्धा कामगाराने सोडवायचा नाही. धंद्याचाच भाग असलेले काम ठेक्याने करून घेणाऱ्या मुख्य मालकाने कलम १२ प्रमाणे आधी पैसे द्यावेत आणि मग ते ठेकेदाराकडून वसूल करावेत.

अरुंद ठेवलेली ही वाट प्रत्यक्षात किती लांब होते ते पाहायचे असेल तर धाराशिव जिल्ह्यातले एक प्रकरण पुरेसे आहे. २२ एप्रिल २००३ च्या पहाटे एका साखर कारखान्याचा रखवालदार तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये त्याच्या कुटुंबाला ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज देण्याचा आदेश दिला. विमा कंपनी अपिलात गेली. अपघात कामाच्या जागेवर झाला नाही म्हणून २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला २९ जुलै २०२५ रोजी. घरातून कामावर जाताना झालेला अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातलाच मानावा असे त्या निकालाने ठरवले. उरण-पनवेल रस्त्यावरच्या ट्रेलरच्या रांगांमधून पहाटेच्या पाळीला दुचाकीवर जाणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल लागू पडतो, म्हणून त्याचे मोल मोठे. पण बावीस वर्षे! वडील गेले तेव्हा पाळण्यात असलेले मूल एवढ्या काळात स्वतः नोकरीला लागते.

इथेच दुसरे मत पुढे येते. कामगार चळवळीतले माझे काही मित्र म्हणतात, अपील बंदच करा, आयुक्तांचा निकाल अंतिम ठेवा. त्यांचा राग मला समजतो, पण हा उपाय कामगाराच्याच मुळावर येणारा आहे. आयुक्त चुकतात ते फक्त मालकाच्या विरोधात, असे कोणी सांगितले? मुंबईतल्या बेस्टच्या एका चालकाचे प्रकरण आठवून पाहा. जुलै १९५७ मध्ये काम संपवून जोगेश्वरी आगारातून तो बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. वाटेत बसला अपघात झाला आणि तो मरण पावला. त्याच्या पत्नीचा दावा खाली फेटाळला गेला होता. तिला न्याय मिळाला तो अपिलातच, आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. आगारातून घरी जाणारा चालक बेस्टच्या बसमध्ये असताना कामाच्या ओघातच होता, हे तत्त्व तिच्या खटल्यातून प्रस्थापित झाले.

उलट उदाहरणही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पोरबंदरच्या मिठागराचे कामगार १९५२ मध्ये खाडी ओलांडून घरी परतत असताना होडी उलटून बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये त्यांच्या कुटुंबांची भरपाई नाकारली, कारण होडी सार्वजनिक होती आणि मिठागराची हद्द मागे राहिली होती. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँचने ये-जा करणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट अंगावर काटा आणील. पण या निकालाची धार बोथट झाली तीही नंतरच्या अपिलांमधूनच. अपील बंद असते तर पोरबंदरचा नियम आजही तसाच आपल्या डोक्यावर बसला असता. धाराशिवच्या रखवालदाराच्या कुटुंबालाही शेवटचे दार अपिलाचेच होते.

म्हणजे दुखणे अपिलात नाही. अपील चालू असताना पैसे कोणाच्या हाती राहतात, यात आहे. २०१७ पर्यंत कायद्यात कलम ३०-अ होते. मालकाने अपील केले की निकाल लागेपर्यंत जमा रक्कम रोखून ठेवण्याची मुभा त्याने आयुक्तांना दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीत संसदेने ते कलमच काढून टाकले. त्याचा एकच सरळ अर्थ होतो: जमा झालेली रक्कम कामगाराकडे जावी. तरीही अपिलासोबत स्थगितीचा अर्ज येतो आणि जणू काही बदललेच नाही अशा थाटात रक्कम अडकून पडते. माझे म्हणणे असे आहे की, किमान मुद्दल तरी अपील दाखल होताच घरात गेले पाहिजे. व्याज आणि दंडावर हवा तेवढा वाद घाला. मालक अखेर जिंकला तर काही रक्कम परत मिळणे कठीण होईल, हे खरे. पण कोणाची तरी जोखीम पत्करायचीच असेल, तर ती ज्याचा हात शाबूत आहे त्याने पत्करावी.

आणखी एक गोष्ट मला सर्वात जास्त छळते आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. मालकाला निकाल दुसऱ्यांदा तपासून घेता येतो. कामगाराची जखम मात्र दुसऱ्यांदा तपासली जात नाही. आयुक्तांना स्वतःच्या निकालाचा फेरविचार करण्याचा सर्वसाधारण अधिकार नाही. लिहिण्यातली किंवा हिशेबातली चूक तेवढी दुरुस्त होते. प्रकृती बदलली म्हणून फेरविचार करण्याची सोय कलम ६ मध्ये आहे, पण ती तात्पुरत्या अक्षमतेच्या पंधरवड्याच्या हप्त्यांपुरती. एकरकमी भरपाई एकदा ठरली की ठरली. आपल्या लॅशरच्या अंगठ्याची जखम चिघळत गेली आणि वर्षाने पंजा कापावा लागला, तर परिशिष्टाप्रमाणे अक्षमता तीस नव्हे, साठ टक्के. हिशेब ११ लाख २३ हजारांचा होतो. पण तो कोणाकडे मांडायचा?

यावर उत्तर मिळते की, कुठेतरी शेवट हवाच, नाहीतर मालकाचे हिशेब कधीच बंद होणार नाहीत. हे उत्तर टिकत नाही, कारण याच देशाच्या दुसऱ्या कायद्याने ते केव्हाच खोटे ठरवले आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ५५ ने दुखापत अनपेक्षितपणे आणि लक्षणीय वाढली तर वैद्यकीय मंडळाला अक्षमतेचे मूल्यमापन पुन्हा करण्याची मुभा दिली. मंडळाचा निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण आणि विमा न्यायालय, आणि कायद्याच्या प्रश्नावर उच्च न्यायालय. त्यामुळे ती योजना कोसळली नाही. म्हणजे एकाच सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) २१,००० च्या आत पगार असलेला, विमा योजनेत नोंदलेला मदतनीस आणि त्याहून जास्त पगाराचा रीच स्टॅकर या कंटेनर उचलणाऱ्या यंत्राचा चालक एकाच अपघातात जखमी झाले, तर मदतनीसाची बिघडलेली जखम पुन्हा पाहिली जायची आणि चालकाची नाही. या भेदाला कोणते तत्त्व आहे, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. येता-जाताचा अपघात तिच्यात स्पष्ट शब्दांत आला, हे चांगले झाले. एकरकमी भरपाईच्या फेरविचाराचे दार मात्र तिनेही उघडले नाही. ते उघडायला एक दुरुस्ती पुरे: भरपाई ठरल्यापासून काही ठरावीक वर्षांत, स्वतंत्र वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर, वाढलेल्या अक्षमतेची फरकाची रक्कम मागता यावी. मुदत घातली की हिशेब बंद न होण्याची भीतीही उरत नाही.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. बंदरात मात्र आजही करता येण्यासारखे एक काम आहे. कामावर घेतानाच कामगाराला भरपाईच्या हक्कांची लेखी माहिती इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावी, हे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर घातले आणि न पाळल्यास दंडही ठेवला. ती माहिती गेटपाससोबत, उत्तरेतून आलेल्यांना हिंदीत आणि आपल्याकडच्यांना मराठीत, छापून द्यायला हवी. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, तो स्वतःच्या गावी राहूनही करता येतो, मालकाने अपील केले तरी रक्कम आधी भरावी लागते, आणि निकाल विरोधात गेला तर साठ दिवसांत कामगारालाही अपील करता येते, एवढे चार मुद्दे तरी त्या कागदावर असावेत. ठेकेदाराने तो कागद दिला की नाही, हे प्रत्येक टर्मिनलने आणि सीएफएसने हजेरीपट तपासतानाच तपासावे.