आठ तासांचे पाहुणे

‘एका दिवसात कोणी देश पाहतो काय?’ असा प्रश्न मागल्या वर्षी आमच्या इतिहासाच्या तासाला निघाला, तेव्हा वर्गात सर्वांत मोठ्याने मीच हसलो होतो. विषय होता मुंबईला लागणाऱ्या परदेशी प्रवासी बोटींचा. सर म्हणाले, हे लोक सकाळी उतरतात, संध्याकाळी बोटीवर जेवायला परत जातात आणि घरी जाऊन सांगतात की आम्ही हिंदुस्थान पाहिला. सरांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही त्यांची क्षमा मागून मला थोडे वेगळे मांडायचे आहे.

माझे घर घारापुरी बेटावर, शेतबंदरला. बाहेरचे लोक आमच्या बेटाला एलिफंटा म्हणतात. समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती २०१८ साली. तेव्हा मी सहावीत होतो. त्याआधी संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढाच उजेड. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सुट्टीच्या दिवशी मी मामाच्या टोप्यांच्या दुकानावर बसतो. गाईडचा परवाना माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास एक इंग्रज जोडपे लाँचमधून उतरले. दोघेही सत्तरीच्या आसपास. बाई हडकुळ्या आणि चपळ, गृहस्थांचा गुडघा दुखरा. डोलीवाले पुढे झाले, पण चार माणसांच्या खांद्यावर बसून वर जायला ते तयार होईनात. तेव्हा मामाने मला त्यांच्याबरोबर हात धरायला पाठवले.

पायऱ्या सव्वाशेच्या आत-बाहेर आहेत. आम्ही तीन ठिकाणी बसलो आणि बसता बसता त्यांची सकाळ मला कळली. बोट पहाटे बॅलार्ड पियरजवळ लागली होती. आठला ते बाहेर पडले आणि दुपारी चारला त्यांना परत हजर व्हायचे होते. बोटीने ठरवलेल्या बसने फिरले तर उशीर झाला तरी बोट थांबते. आपल्या हिमतीने फिरायला गेले तर ती कोणासाठी खोळंबत नाही. ही दोघे टॅक्सी करून निघाली होती, म्हणून बाई दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होत्या. टॅक्सीवाल्याने त्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बाहेरून दाखवले, मग महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून, मग गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की जिथे उतरत ते मणिभवन, आणि शेवटी गेटवेला आणून सोडले. गृहस्थ म्हणाले, आम्ही एक शहर खिडकीतून पाहिले.

वर गेल्यावर मी माझी पाठ केलेली पट्टी सुरू केली. सहावे शतक, अखंड कातळ, सुमारे १८ फुटांची त्रिमूर्ती, मधला मुखडा शांत, एक उग्र, एक कोमल. गृहस्थांनी सगळेच विचारतात तो प्रश्न विचारला, हत्ती कुठे आहे? ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिले तो इथे नाहीच. १८६४ मध्ये उचलताना तो फुटला, १९१४ मध्ये जोडला गेला आणि आज भायखळ्याला उभा आहे. म्हणजे नाव राहिले बेटाला आणि हत्ती गेला मुंबईला, आमच्या गावच्या पोरांसारखा. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले.

त्रिमूर्तीपुढे सगळेच थांबतात. बाई थांबल्या त्या शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, मान किंचित खाली. पाणिग्रहणाचा प्रसंग, पण हातच बरेचसे तुटलेले. बाईंनी घड्याळ पिशवीत टाकले. वीस मिनिटे तरी त्या तिथे होत्या. मग मला म्हणाल्या, हात राहिले नाहीत, तरी त्याने तिचा हात धरला आहे हे कसे कळते बघ. त्या शिल्पासमोरून मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन. लपाछपी खेळताना तर त्याच्या आडोशालाच उभा राहत असे. पार्वतीची मान खाली आहे हे मी त्या दिवशी पाहिले.

आता सांगा, एका दिवसात पाहता येत नाही हे कितपत खरे? आपल्या कॉलेजची सहल वेरूळला गेली होती, तेव्हा कैलास लेणे आपण पाऊण तासात उरकले, कारण खुलताबादला जेवण सांगून ठेवले होते. त्यातला अर्धा वेळ फोटोंत गेला. आपल्याला कोणी विचारले नाही की तुम्ही महाराष्ट्र पाहिलात काय.

माझी तक्रार वेळेबद्दल नाहीच. तक्रार आहे ती काय दाखवायचे हे ठरवणाऱ्यांबद्दल. धोबीघाटावर लोक गाडीतून उतरतात, पुलाच्या कठड्याशी उभे राहतात, खाली माणसे कपडे आपटत असतात, वरून फोटो निघतात आणि गाडी सुटते. पाहणारा वर आणि राबणारा खाली, दोघांत एका शब्दाचीही देवघेव नाही. त्या कुंडांवर कोण राबतो, कोणाच्या किती पिढ्या तिथे गेल्या, हे टॅक्सीवाल्याने सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. हा दोष आठ तासांचा नव्हे. आठ दिवस असते तरी गाडी त्याच पुलावर थांबली असती. दगडाच्या पार्वतीला आम्ही नाव-गाव-शतक सगळे देतो, मग जिवंत माणसाला का नाही?

पण हे मी कोणत्या तोंडाने लिहितो आहे, तेही सांगितले पाहिजे.

उतरताना पायऱ्यांवर कोळी लुगडी नेसलेल्या, डोक्यावर पितळी हंडे घेतलेल्या बायका उभ्या असतात. त्यांच्याबरोबर फोटो काढायचा आणि पैसे द्यायचे, असा रिवाज आहे. बाईंना फोटो हवा होता. त्यांनी जिला निवडले ती माझी आई. बारा वर्षे ती तिथे उभी राहते. माझ्या फीचे पैसे त्या हंड्यांतूनच आले आहेत. मला पूर्वी हे आवडत नसे आणि मी तसे बोललो की ती म्हणे, ‘अरं, फोटो काढल्यानं काय अंगावरचं मांस जातं?’

बाईंनी मला विचारले, तू हिला ओळखतोस काय? मी म्हणालो, ‘गावातली आहे.’ इंग्रजीत म्हणालो. बारा वर्षे पायऱ्यांवर काढल्यावर तेवढे इंग्रजी आईला येते. तिने हंडे सावरले आणि दोघांच्या मधे उभी राहून हसली. बाईंनी शंभराची नोट दिली. आईने ती कमरेला खोचली.

पुलावरून पाहणाऱ्याला मी नावे ठेवतो, आणि स्वतः मात्र आईला पुलाखाली ढकलून मोकळा झालो. त्या जोडप्याने विचारले होते. सांगायचे मी टाळले. ‘हिने मला शिकवले’ एवढे तीन शब्द मी बोललो असतो तर त्यांच्या आठ तासांत एक माणूस जमा झाला असता. म्हणून मला वाटते, परदेशी पाहुण्यांना वरवरचे पाहणारे म्हणून हसण्याआधी आपण यजमान म्हणून काय झाकतो याचा एकदा हिशेब व्हावा. आपल्या इतिहास मंडळाने लेण्यांची माहितीपत्रके काढावीत, जरूर काढावीत, पण त्यांत शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही तीन गावे आणि तिथली माणसेही असावीत. मजकूर लिहायला मी तयार आहे.

सव्वादोनच्या लाँचने ती दोघे गेली आणि बोट त्यांना मिळाली, कारण दोन दिवसांनी बाईंनी फोटो मोबाईलवर पाठवला. मी उरणला जाऊन तो मोठा करून आणला. आईने तो दाराशेजारी लावला आहे. मधे ती, दोन्ही बाजूंना पाहुणे, आणि अगदी कडेला अर्धाच आलेला मी, तोंड समुद्राकडे केलेला.

त्या संध्याकाळी आई मला काहीच बोलली नव्हती. आता घरी येणारा फोटोकडे पाहून विचारतो, हा कडेचा कोण? आई हातातले काम न थांबवता सांगते, ‘गावातलाच हाय.’