पडलेल्या मोबाईलची रेंज

पडल्यानंतर मोबाईल चालू राहतो, काचही शाबूत असते. पण वायफाय राऊटरच्या शेजारी गेल्याशिवाय लागत नाही, ब्लूटूथ मध्येच तुटते किंवा सिमची रेंज एका काडीवर येते. हा बिघाड सहसा सॉफ्टवेअरचा नसतो. तरीही आधी नेटवर्क सेटिंग रीसेट करावी, दुसरे सिम घालून पाहावे, कव्हर काढून शेजारच्या फोनचा हॉटस्पॉट जोडून पाहावा. याला पैसा लागत नाही.

फोनचे अँटेने कडेच्या चौकटीत किंवा मागच्या झाकणाच्या आत असतात. २.४ गिगाहर्ट्झ वायफायची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे तीनेक सेंटिमीटरचा धातूचा पट्टा ती पकडायला पुरतो. हा पट्टा बोर्डाला डाखलेला नसतो. छोट्या स्प्रिंग त्याला टेकून असतात. बऱ्याच फोनमध्ये खालच्या चार्जिंग बोर्डापासून मुख्य बोर्डापर्यंत एक बारीक अँटेना वायर जाते. तिच्या टोकाची टोपी शर्टाच्या टिचबटणासारखी दाबून बसवलेली असते. हिसक्याने ती टोपी निघते, स्प्रिंग वाकते किंवा झाकणाचा स्क्रू ढिला होतो. टोपी पुन्हा दाबणे, स्प्रिंग सरळ करणे, वायर बदलणे ही कामे जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या दुकानात होण्याजोगी आहेत आणि ती स्वस्तातच व्हायला हवीत.

लक्षण वेगळे असेल तर मात्र प्रकरण खोल असते. वायफायचे बटण चालूच होत नाही, ‘फोनविषयी’ या पानावर वायफायचा मॅक पत्ता दिसत नाही, तेव्हा संशय आयसीवर, म्हणजे बोर्डावरच्या चिपवर घ्यावा. वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच आयसीत असतात, म्हणून दोन्ही एकदम जातात. सिमच्या बाबतीत *#०६# दाबून आयएमईआय येत नसेल तर तोच अर्थ. आयसी खालच्या बाजूने सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर उभी असते. पडताना बोर्ड क्षणभर वाकतो आणि एखादा गोळा तडकतो.

इथे फसगत होते. हॉट एअरने आयसी नुसती तापवली की तडा तात्पुरता जुळतो, वायफाय लागते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि बरेचदा काही आठवड्यांत बिघाड परततो. याला दुरुस्ती म्हणू नये. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते. तेवढी उष्णता शेजारच्या भागांनाही सोसावी लागते आणि त्यात बोर्ड मेला तर फोटो, हिशेब, कागदपत्रे सगळेच जाते. खरी दुरुस्ती म्हणजे आयसी उचलून जागा साफ करणे, नवे गोळे बसवणे (कारागीर याला रीबॉल म्हणतात) आणि ती पुन्हा जागेवर लावणे. हे काम सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला हात असलेल्याकडेच द्यावे.

असा कारागीर गावात मिळेलच असे नाही आणि जिंतूरला रेल्वे नाही. परभणी गाठायची तर रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. त्यातच पडण्याने जीपीएसचा अँटेनाही सुटू शकतो आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत, पिकाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह लागतो. नोंदणीची मुदत जवळ असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून नोंद करून घ्यावी.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात या हक्काचे पोर्टलही सुरू झाले. पण बोर्डाचे नकाशे आणि अस्सल सुटे भाग तालुक्याच्या कारागिराच्या हाती पडत नाहीत तोवर हा हक्क गावापर्यंत पोचला असे म्हणता येणार नाही. कंपन्यांनी ते द्यावेत, सरकारने देणे भाग पाडावे. आणि फोन दुकानात देण्याआधी ग्राहकाने केबलने किंवा ओटीजी पेनड्राइव्हवर सगळा डेटा उतरवून घ्यावा. झाकण उघडल्यावर आधी अँटेना वायर आणि स्प्रिंग तपासायला सांगावे. विचारल्याशिवाय बोर्ड तापवू देऊ नये.