वाटी उचलून देणारा हात

उस्मानपुऱ्यातील एखाद्या नोकरदार घरात सकाळच्या घाईत फरशीवर वाटी पडल्याचा आवाज दहादा येतो. आई ती उचलून देते. बाळ पुन्हा टाकते. घर त्यास खोड म्हणते. मग वाटी काढून घेतली जाते, चोखल्या जाणाऱ्या अंगठ्यास कडुनिंब लावला जातो आणि हल्ली हाती मोबाइल दिला जातो.

वस्तुतः ही खोड नसून अभ्यास आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणातून १९३६ साली हेच मांडले. बाळ प्रथम अंगठा चोखते, पुढे खुळखुळा हलविते आणि वर्षाचे झाल्यावर वस्तू निरनिराळ्या तऱ्हेने टाकून परिणाम पाहते. तेव्हा आवृत्ती मोडू नये, तिला वळण द्यावे. पेल्याऐवजी लाकडी पळी द्यावी, चेंडू टोपलीत टाकू द्यावा.

परंतु वळण लावण्यास मोठ्या माणसाचा वेळ लागतो आणि दुर्मीळ आहे तो वेळच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले. १९७५ साली शासनाची अंगणवाडी आली. तथापि ३ वर्षांखालील मुलाचा तिच्याशी संबंध मुख्यतः आहार व लसीकरणापुरताच राहिला. २०१७च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली. लहान दुकानातील नोकर आणि घरकामगार त्याबाहेरच राहिल्या.

वस्तीवस्तीतील पाळणाघर ही चैन नव्हे, भांडवली गुंतवणूक होय. पडलेली वाटी न रागावता उचलून देणारा हात प्रत्येक बाळास लाभला पाहिजे.