दरी म्हणजे दरीच! आंबेनळी, स्वप्नं आणि मनोविश्लेषण

स्वप्नाचा अर्थ कोणी सांगायचा? शहरात हा फावल्या वेळच्या गप्पांचा विषय असेल. महाड-पोलादपूरच्या डोंगरात मात्र या प्रश्नावर घरं कर्जात जातात. म्हणून आम्ही तो इथे घेत आहोत.

28 जुलै 2018. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस सहलीसाठी महाबळेश्वरला निघाली आणि आंबेनळी घाटात दरीत कोसळली. 30 जण गेले, एकच वाचला. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. आणि 22 जुलै 2021 ला तळिये गावावर डोंगर आला. 80 हून अधिक माणसं गेली. पाच वर्षांत तीन घाव. प्रत्येक वेळी पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. मागे राहिलेल्यांच्या झोपेचा पंचनामा कोणी केला?

या भागातल्या वाड्यांवर आम्ही बैठकींना जातो. बैठक संपली की काही बाया मागे रेंगाळतात. दरडीत मुलगा गेलेली एक आई म्हणाली, “पोरगा सपनात हात मागतो. माझा हात काय पोचत नाय.” तिला एका भगताने अर्थ सांगितला होता: पोराचा जीव अडकलाय, देवीचं देणं राहिलंय. कोंबडा, नारळ आणि साडेतीन हजार रुपये. तिने मजुरीतून ते फेडले. स्वप्न थांबलं नाही. तेव्हा भगत म्हणाला, देणं कमी पडलं!

मित्रहो, हा धंदा आजचा नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी पोट भरण्याच्या हलक्या विद्यांची यादी सांगितली आहे. उंदराने कुरतडलेल्या कापडावरून शकुन सांगणं आणि स्वप्नांचे अर्थ सांगणं ही दोन्ही त्या यादीत आहेत. कोणी म्हणेल, मग महामायेच्या स्वप्नाचं काय? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही ती कथा दिली आहे. दिली आहे, पण नीट वाचा. राजाने बोलावलेले आठ ब्राह्मण सांगतात की मुलगा घरी राहिला तर सम्राट होईल, घर सोडलं तर बुद्ध होईल. दोन्हीकडून बोललेलं भविष्य खोटं ठरणार कसं?

या धंद्याला आधुनिक काळात मोठा धक्का दिला तो व्हिएन्नाच्या डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी. त्यांचा स्वप्नांवरचा ग्रंथ 1900 सालचा. स्वप्न उद्याची बातमी आणत नाही, ते आपल्याच नेणिवेतून येतं. जे मनाने दाबून टाकलं ते झोपेत वेष पालटून वर येतं, हा त्यांचा सिद्धांत. आम्हाला त्यातली महत्त्वाची वाटते ती त्यांची रीत. स्वप्न पाहणाऱ्यानेच बोलायचं, जे सुचेल ते न लपवता सांगायचं आणि डॉक्टरने ऐकायचं. म्हणजे अर्थाची चावी पुरोहिताच्या कमरेला नाही, स्वप्न पाहणाऱ्याच्या हातात आहे. ही मोठी क्रांती होती. एसटी स्टँडवरची स्वप्नफलाची पुस्तकं आणि मोबाइलमधली स्वप्नशास्त्राची ॲप या क्रांतीच्या मागे राहिलेली आहेत.

पण फ्रॉइडलाही आम्ही देव मानत नाही. प्रत्येक स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, असं ते आधी म्हणाले. मग पहिलं महायुद्ध झालं. रणांगणावरून परतलेले सैनिक रोज रात्री तोच स्फोट पाहून दचकून उठत होते. यात कसली इच्छापूर्ती? 1920 साली फ्रॉइड यांना स्वतःच्या सिद्धांताला अपवाद मान्य करावा लागला. आमच्या वाडीतल्या आईचं स्वप्न याच जातीचं आहे. तिचं मन त्या क्षणापाशी पुन्हा पुन्हा जातं, कारण तो क्षण अजून तिच्या मनात संपलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 1947 मध्ये मादागास्करच्या जनतेने फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव केला आणि तो रक्तात बुडवला गेला. तिथल्या लोकांच्या स्वप्नांत बंदूकधारी शिपाई येत. ऑक्टाव्ह मॅनोनी या फ्रेंच अभ्यासकाने बंदुकीचा अर्थ पुरुषाचं लिंग असा लावला. काळे मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन यांनी 1952 च्या आपल्या पुस्तकात त्याला ठणकावलं की ती बंदूक खरी बंदूक आहे, आणि तिचं मॉडेलही सांगितलं. राज्यकर्त्याने मारलेली गोळी बालपणीच्या गंडात लपवू नका, असा त्याचा अर्थ.

हे महाडला लावून पाहा. फ्रॉइडच्या वाचनात पाणी म्हणजे जन्म. पण महाडची एखादी आजी स्वप्नात पाहते की हंडा पाण्याला लागलाय आणि मागून कोणी ओरडतंय, तर तो जन्म आहे? 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर पाणी प्यायल्याबद्दल माणसांची डोकी फुटली, हे तिच्या आजीने तिला सांगितलेलं असतं. ते पाणी खरं आहे. ते ओरडणंही खरं आहे. आणि नेणीव तपासायचीच असेल तर आधी त्या जमावाची तपासा, जो वीरेश्वर मंदिरात अस्पृश्य शिरणार या नुसत्या अफवेवर लाठ्या घेऊन धावला आणि नंतर पंचगव्याने तळं ‘शुद्ध’ करत बसला. जात ही मनाची अवस्था आहे, असं बाबासाहेबांनी 1936 साली बजावलं होतं. त्या मनाला गादीवर झोपवून प्रश्न विचारणारा मनोविश्लेषक आम्हाला अजून भेटायचा आहे.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आंबेनळीची दरी स्वप्नात आली तर ती दरीच आहे. तिला देवीचा कोप म्हणू नका आणि बालपणीचा गंडही म्हणू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा कायदा 29 मे 2018 ला लागू झाला. आंबेनळीचा अपघात त्यानंतर दोनच महिन्यांनी झाला. या कायद्याचं कलम 18 प्रत्येक माणसाला सरकारी मानसिक उपचारांचा हक्क देतं. मग दरड कोसळते तिथे जेसीबीसोबत मराठीत बोलणारा समुपदेशक का जात नाही? आणि गेलाच तर मंत्र्यांचा ताफा परतल्यावरही वर्षभर येत का राहत नाही? 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा भगताला धाक घालेल, पण त्या आईचं स्वप्न ऐकायला तो बसणार नाही. त्यासाठी माणूस लागतो.

आणि थोडं आपल्याबद्दल. विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या आणि अमावास्येला भगताचा उंबरा गाठायचा, हे आपल्या वस्त्यांतही चालतं. लोक तिकडे का जातात? कारण तो पैसे घेतो, पण ऐकतो. रविवारी वंदना झाल्यावर आपण अर्धा तास एकमेकांचं ऐकून घ्यायला बसलो, आणि ज्याचं दुःख आपल्या आवाक्याबाहेरचं आहे त्याला सोबत करून सरकारी रुग्णालयात नेलं, तर तेवढं काम आपल्या हातचं आहे. ती आई गेल्या बैठकीलाही मागे थांबली होती. आम्ही एसटीची वेळ झाली म्हणून निघालो. पुढच्या वेळी निघणार नाही.

जय भीम!