तपासणीला जाताना नेहमीचं ब्लडप्रेशर लिहून न्या

झाडावरून, परांचीवरून किंवा मोटारसायकलवरून पडून मानेचा वा पाठीचा मणका मोडलेली माणसं आपल्याही घरांत आहेत. अम्मी, बीवी, भाऊ त्यांचं सगळं मनापासून करतात. पण लघवीचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. या महिन्यात त्यावरच बोलू, कारण इथली शरम जिवावर बेतू शकते.

मज्जारज्जूला इजा झाली की मूत्राशयावरचा मेंदूचा ताबा सुटतो. आतला दाब वाढत राहिला तर किडन्या खराब होऊ शकतात. म्हणून डॉक्टर युरोडायनॅमिक तपासणी सांगतात. बारीक नळीने मूत्राशयात हळूहळू सलाईन सोडून दाब मोजतात. ही तपासणी गरजेची आहे, टाळू नका. मात्र एक धोका घरच्यांना माहीत हवा.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर मूत्राशय भरताना ब्लडप्रेशर एकदम चढू शकतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयाचे डॉ. लुडविग गुटमन आणि डॉ. व्हिटरिज यांनी १९४७ साली याचं सविस्तर वर्णन केलं.

असं का होतं? भरलेल्या मूत्राशयाचा इशारा मज्जारज्जूत पोचतो आणि इजेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात. निरोगी माणसात मेंदू लगेच 'सैल सोडा' असा हुकूम पाठवतो. इथे मधला रस्ताच तुटलेला असतो. हुकूम खाली पोचत नाही आणि प्रेशर चढत राहतं.

डोकं ठणकणं, चेहरा-मान लाल होऊन घाम फुटणं, अंगावर काटा येणं, नाक चोंदणं, नाडी मंदावणं, नजर धूसर होणं ही लक्षणं. कधी काहीच जाणवत नाही, फक्त आकडा चढतो. म्हणून तपासणीभर प्रेशर मोजत राहायला हवं. दुर्लक्ष झालं तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो.

खरी गफलत आकड्यातच होते. अशा रुग्णाचं वरचं प्रेशर एरवी ९० ते ११० असू शकतं. ते १४० झालं तर नवख्याला 'थोडंसंच जास्त' वाटतं. पण नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढ हाच या रुग्णासाठी धोक्याचा इशारा. म्हणून घरी शांत बसलेलं असताना प्रेशर मोजा आणि इजेच्या पातळीसह एका कार्डावर लिहून ठेवा. तपासणीआधी ते डॉक्टरांना दाखवा. रुग्ण कोणती औषधं घेतो, तेही सांगा. पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या घेत असेल तर तेही लपवू नका. प्रेशर उतरवणारी काही औषधं त्यांच्यासोबत घातक ठरतात.

त्रास सुरू झाला तर भरणं थांबवून मूत्राशय रिकामं करतात, रुग्णाला उठवून बसवतात, पाय खाली सोडतात, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करतात. तरीही प्रेशर उतरलं नाही तर डॉक्टर औषध देतात.

घरीही हे होऊ शकतं. रुग्णाला असंच बसवा. कॅथेटरची नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का, ते आधी पाहा. बद्धकोष्ठ, बसून झालेली जखम, मांसात रुतलेलं नख हीही कारणं असू शकतात. कारण सापडलं नाही किंवा आराम पडला नाही तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.

आणि दवाखान्यात दबक्या आवाजात बोलू नका. आजाऱ्याच्या वतीने स्पष्ट बोलणं हीसुद्धा त्याची खिदमतच आहे.