जीन्स, जीन आणि मामा

येलदरी कुठे आलं, हे पुण्यातल्या ऑफिसात सांगायचं म्हणजे व्याप असतो. परभणी जिल्हा, जिंतूर तालुका, पूर्णेवरचं धरण. माझं आजोळ. परवा नवी कोरी ब्रँडेड जीन्स चढवून तिथे पोचलो, तर मामाने आधी चहा विचारला नाही, पँट विचारली.

"केवढ्याची रे?"

मी निम्मी किंमत सांगितली.

"एवढ्यात दोन बॅगा सरकी आली असती!"

मग मामासोबत जिंतूरच्या कृषी सेवा केंद्रात. भिंतभर बियाण्यांची चकचकीत पाकिटं, मॉलमधल्या शॅम्पूच्या शेल्फसारखी. म्हटलं, वा, काय कॉम्पिटिशन आहे! मामा हसला. "नावं किती बी वाच. आतली अळी मारायची युक्ती एकच."

खरंच की. बीटी कापसाला परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये. जीन अमेरिकेच्या मोन्सँटोचा, भागीदार आपल्या जालन्याची महिको. दोघांच्या संयुक्त कंपनीने तो चाळीसच्या वर बियाणे कंपन्यांना लायसन्सवर दिला. वाण ज्याचा त्याचा, जीन एकाचाच! सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या पुढे जायचं आणि त्यातला मोठा वाटा 'ट्रेट व्हॅल्यू' म्हणजे जीनचं भाडं. 2006 मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं आणि भाव 750 वर आला. 2016 मध्ये केंद्राने किंमत ठरवली 800, भाडं 49 रुपये. 2020 मध्ये भाडं शून्य.

मामा खूश? अर्थातच. पण बॉस, गंमत पुढे आहे. 2016 मध्ये मोन्सँटो-महिकोने पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्ज मागे घेतला. 2006 मध्ये आलेल्या बीजी-2 नंतर सरकी विकत घेणाऱ्याला मोन्सँटोकडून कायदेशीर असं नवं काहीच मिळालेलं नाही. गुलाबी बोंडअळीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. ती शिकली, आणि 2017 ला विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं पोखरून गेली.

मग भाडं कमी केलं ते चुकलं? मला नाही वाटत. सोळाशेचं पाकीट कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नव्हतं, आणि संकरित बी असल्याने दरवर्षी नवं घ्यावंच लागतं. चुकलं ते दुसरीकडे. स्पर्धा वाणांची झाली, जीनची झालीच नाही. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) नाथ सीड्सने 2006 मध्ये चिनी जीन आणला होता, पण तो टिकला नाही. आणि आपलं नांदेड-44? कृषी विद्यापीठाचं, कोरडवाहूत तग धरणारं, मामाच्या तरुणपणचं हिरो वाण! त्यात जीन नव्हता म्हणून दुकानातून गायब झालं. महाबीजशी करार होऊन त्याचं बीटी रूप यायला दशकाहून जास्त काळ गेला. तोवर अळी हुशार झाली होती.

"हे सगळं तुला कॉलेजात शिकवलं?" मामाने विचारलं.

"नाही, गूगलवर."

"मग सांग, कुठली घेऊ?"

मी गप्प. मामाने शेजाऱ्याने गेल्या वर्षी लावली तीच बॅग उचलली. सोबत बोंडअळीसाठी कामगंध सापळे घेतले. त्यांचे पैसे मी दिले. जीन्सची खरी किंमत तेव्हाच सांगून टाकली.