साखर मोजतां, मग मन कां पाहत नाहीं?

राजुरा तालुक्यांतील आमची बाई पोटुशी असली तरी सातव्या महिन्यापर्यंत कापूस वेंचते, घरीं येऊन पाणी भरते, भाकरी थापते. अशा बाईला दवाखान्यांत “तुला साखर निघाली” असें सांगितलें कीं घरांत काय होतें, तें पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. सासू म्हणते, हें दुखणें माहेराहून आलें. शेजारीण म्हणते, डोहाळ्यांत गोड फार खाल्लें. भगत लिंबू उतरवून पैसे घेतो, पंचांगवाला ग्रहशांतीचा खर्च सांगतो. तुझ्या मनांत काय चाललें आहे, एवढें मात्र तिला कोणी विचारीत नाहीं!

बंधूंनो, खरें कारण ऐका. गरोदरपणीं वारेंतून जे रस निघतात, ते अंगांतील इन्सुलिनचा जोर कमी करतात. जें शरीर तेवढें जादा इन्सुलिन करूं शकत नाहीं, त्याच्या रक्तांत साखर वाढते. यांत पाप नाहीं, नजर नाहीं, माहेरचा गुन्हा नाहीं. सरकारी नियमाप्रमाणें पहिल्या भेटींत व पुन्हां २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनीं रक्त तपासतात. १४० किंवा अधिक आंकडा आला कीं उपचार सुरू होतो. पुष्कळजणींचें आहारानें व चालण्यानें भागतें. कांहींना गोळी किंवा इन्सुलिन लागतें. बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, तरी ६ आठवड्यांनीं पुन्हां तपासावी, कारण पुढें मधुमेह जडण्याचा धोका राहतो.

आतां मनाचें बघा. एक म्हणतो, दोन जिवांचें खा. दुसरा म्हणतो, भात सोड. आणि घरांत तर रेशनचाच तांदूळ! सुई टोंचून घेतांना तिला वाटतें, माझ्यामुळें लेंकराला कांहीं झालें तर? अशा बायांत उदासी व काळजी इतर गरोदर बायांपेक्षां अधिक आढळते, आणि ती बाळंतपणानंतरहि राहूं शकते. खिन्न बाई वेळेवर जेवत नाहीं, औषध टाळते. त्यानें साखर वाढते, साखरेनें भय वाढतें. घाण्याच्या बैलासारखी ती त्याच फेऱ्यांत फिरते.

जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. जगानें टाकलेल्या गरोदर विधवेला त्यांनीं दोष दिला नाहीं, आसरा दिला. त्यांची तसबीर भिंतीला लावावी आणि घरच्या सुनेला मात्र रोगाबद्दल टोमणे मारावे, हें कोणतें सत्यशोधन?

आमचें मागणें मोठें नाहीं. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी होते. तेथें साखरेबरोबर दोनच प्रश्न विचारावे: गेल्या महिन्यांत मन वारंवार निराश झालें काय? कशांतच गोडी वाटेनाशी झाली काय? उत्तर ‘होय’ आल्यास तिला घरीं धाडून मोकळें न होतां, पुढें उपचाराची वाट दाखवावी. सरकारचा १४४१६ हा फुकट फोन मनाच्या दुखण्यासाठींच आहे. आशाताईंनीं तो घरोघर सांगावा.

आणि नवरेमंडळींनो, मजुरीचा एक दिवस बुडाला तरी चालेल, त्या दिवशीं बायकोबरोबर जा. डॉक्टर काय सांगतो तें स्वतःच्या कानांनीं ऐका, आणि घरीं येऊन आईला सांगा कीं दोष हिचा नाहीं. पेरलेल्या वावराची राखण तुम्ही रात्र जागून करतां; जिच्या पोटीं तुमचें लेंकरूं वाढतें, तिचे डोळे कां ओले, हें विचारायला किती वेळ लागतो?